काळी एकचा पियानो

पिशवी

"ऊठ. पिशवी घे."

अंबूताई दुकानाच्या पायरीवर उभी राहून एवढंच म्हणाली. अँबेसिडर गल्लीच्या तोंडाशीच थांबली होती, कारण दुर्गदबैलात मोटार त्याच्या आत येत नाही, आणि बहात्तर वर्षांची बाई तिथून हातगाड्या चुकवत चालत आली होती. पदर खोचलेला. म्हणजे भांडायला आली होती.

शेषगिरीनं हातातली कानस खाली ठेवली नाही. "कुठली पिशवी?"

"चोवीस वर्षं जिच्याकडे बघत नाहीस, ती."

ती मागच्या भिंतीवर खुंटीला होती. खाकी कॅनव्हासची, तळाशी तेलाचा डाग. आत पियानोच्या तारा पिळायची किल्ली, फेल्टच्या पट्ट्या, रबराच्या पाचरी. शेजारी सहा पेट्या दुरुस्तीला आलेल्या, एकीचा भाता उघडा.

"आज वेणूचा कार्यक्रम आहे धारवाडात. मला माहीत आहे," शेषगिरी म्हणाला. "पाकीट आलंय."

"उघडलंस?"

पाकीट सरसाच्या डब्याखाली होतं. न उघडलेलं. त्यावर डब्याचा गोल डाग उमटला होता.

"शेवटच्या रांगेत येऊन बसलो असतो अक्का. तू कशाला आलीस?"

"बसायला कोण बोलावतंय तुला? पियानो तू लावायचास. वेणूनं सांगितलंय."

कानस थांबली.

"बेंगळूरहून माणूस आलाय ना?"

"आलाय की. मशीन घेऊन आलाय. काल दिवसभर लावत होता. वेणूनं ऐकलं, छान लागलाय म्हणाली, त्याला कॉफी दिली, आणि म्हणाली, आता हे सगळं काढायचं. माझ्या शेषूकाकाला बोलवा. त्या महादेवप्पाचं तोंड बघायला हवं होतंस."

"अण्णांना ठाऊक आहे?"

"अण्णाचं मी बघते."

म्हणजे ठाऊक नसावं, असं शेषगिरीनं धरलं. थोरल्या भावाशी त्याचं बोलणं नव्हतं असं नाही. लग्नकार्यात, श्राद्धाला, 'जेवलास का' आणि 'पाऊस आहे का तिकडे' एवढं होतं. पण अण्णांच्या, म्हणजे जयतीर्थ वकिलांच्या, केशवापूरच्या घरात तो पियानोच्या खोलीकडे गेला नव्हता, आणि त्या खोलीला कुलूप होतं.

"माझा उजवा कान गेलाय अक्का."

"डावा आण."

"थट्टा नको. एकदा पोरीचं नाव माझ्या हातानं गेलं. आता पुन्हा? आणि तेही धारवाडात? तिथं पानपट्टीवालासुद्धा विडा बांधता बांधता सांगतो, आज निषाद उतरला होता म्हणून. एक तार हलली तरी सगळ्या गावाला कळेल."

"म्हणून तर," अंबूताई म्हणाली, "तुला नेतेय. मशीनला नाही."

तिनं स्वतःच खुंटीवरची पिशवी काढली, फुंकून धूळ उडवली. आणि शेषगिरी पायताण शोधत होता तेवढ्यात आणखी एक काहीतरी उचललं, पण ते त्यानं पाहिलं नाही.

पट्टी

पियानो लावताना पहिलं काम तारा गप्प करण्याचं. मधल्या प्रत्येक सुराला तीन-तीन तारा. फेल्टची लांब पट्टी त्यांच्यात खुपसत न्यायची, म्हणजे बाजूच्या दोन मुक्या होतात आणि मधली एकटी बोलते. ती सुरात आली की मग एकेका शेजारणीला मोकळं करायचं, आणि तिच्याशी जुळवायचं.

धारवाडच्या सभागृहात, रिकाम्या खुर्च्यांसमोर, शेषगिरी पट्टी खुपसत होता. महादेवप्पा बाजूला हाताची घडी घालून उभा. पन्नाशीचा, अंगानं भरलेला, शर्टाच्या खिशात तीन पेनं.

"सर, सुई बघा," तो कन्नडमध्ये म्हणाला आणि मशीनचं डबडं पुढे केलं. "प्रत्येक सूर मधोमध. केसभर इकडे नाही, तिकडे नाही."

"बघतोय की. उत्तम लावलायत."

"मग काढताय कशाला?"

 उत्तर वेणूनं दिलं. ती रंगमंचाच्या कडेवर पाय सोडून बसली होती, अनवाणी, छत्तीस वर्षांची, केस मानेवर कापलेले. मघाशी तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा कानाच्या मागे दोन पांढरे केस शेषगिरीला दिसले होते आणि उगाच वाईट वाटलं होतं.

"महादेवप्पा, तुमच्या लावण्यात बाराही सूर थोडे थोडे खोटं बोलतात. सगळे सारखंच खोटं, म्हणून कुणाला खुपत नाही. कुठूनही वाजवा, चालतं. काकाच्या लावण्यात एका घरी सगळं खरं, आणि दुसऱ्या घरी गेलात की आग."

"आणि तुम्ही आगीत वाजवणार?"

"दोन्हीकडे वाजवणार. तशाच रचना लिहून घेतल्यात मी."

"आमच्या वेणूच्या संगीतकारांचं एक बरं आहे," अंबूताई महादेवप्पाला म्हणाली. "सगळे जिवंत आहेत. फोन केला की उचलतात. नाहीतर बाकीचे पियानोवाले बघा, सगळं मेलेल्यांचं वाजवतात."

तिच्या मांडीशी तंबोरा होता. केशवापूरच्या घरातला, त्यांच्या वडिलांचा, बाळाचार्यांचा. वेणूनं तो सकाळी गाडीतून आणवला होता आणि अंबूताईला खुर्ची दिली होती. आज दिवसभर तिनं छेडत बसायचं.

"सा कुठला?" तिनं विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"काळी एक," शेषगिरी आणि वेणू एकदम म्हणाले.

महादेवप्पानं काळी एक वाजवून पाहिली. तंबोरा तिच्याशी जुळवला गेला.

"म्हणजे सा हलवणार नाही तुम्ही?"

"नाही. तो तसाच."

"चला," महादेवप्पा खुर्ची ओढून बसला. "सा तरी माझा राहिला."

शेषगिरीनं किल्ली पहिल्या खुंटीवर बसवली. चोवीस वर्षांनी. मनगटाला ती ओळखीची वाटली, आणि ते वाटल्याबरोबर त्याला

सा

तो पियानो आठवला. एकोणीसशे एकसष्ट. मायदेशी परतणाऱ्या एका मिशनरी बाईंनी धारवाडचं घर मोडलं, आणि अण्णांनी खटल्याच्या कामाला गेले असता तिथला उभा पियानो विकत घेतला. बैलगाडीनं नव्हे, ट्रकनं आणला. वेणू तीन वर्षांची. वकिलांच्या मुलीनं पेटी वाजवली तर लोक म्हणतील भजनी मंडळात घाला, पियानो वाजवला तर काय म्हणतील हे हुबळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तेच अण्णांना आवडलं.

पियानो प्रवासानं पार उतरला होता. अण्णा म्हणाले, "शेषू, तू पेट्या लावतोस ना, हेही लाव."

घरात वकील एक, मामलेदार कचेरीत चुलते दोन, आणि शेषगिरी एकटा हातात कानस धरणारा. थोरल्या भावानं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. त्यानं दोन महिने घेतले. किल्ली लोहाराकडून करून घेतली. आणि पेटी जशी गवयासाठी लावतात, तसा पियानो लावला. वडिलांचा तंबोरा शेजारी ठेवून. वडील काळी एकमध्ये गायचे, म्हणून सा काळी एक. मग त्या सापासून पंचम, मध्यम, आणि तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटतो तो गांधार. थेट तसाच, निवांत, हलत नाही, थरथरत नाही.

पियानोचा सा एका जागी राहत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो दर रचनेला घर बदलतो. पेटीवाल्याला हे कसं सुचावं?

लहान मुलांच्या सगळ्या सोप्या रचना पांढरी एकपासून असतात. त्या पियानोवर पांढरी एकपासून वाजवलं की सूर एकमेकांवर गुरगुरायचे. वेणूनं आपल्या मनानं तोड काढली. रेल्वे कॉलनीतल्या टीचर शिकवून गेल्या, की पोरगी तोच धडा एक घर वर सरकवायची. काळी एकवर. सगळी बोटं काळ्यांवर चढवून, जिथं गोड लागतं तिथं. टीचरांच्या यजमानांची बदली गुंटकलला झाली, आणि मुंबईच्या पियानो-परीक्षेच्या आधीचं सबंध वर्ष ती घरी एकटीच बसली. सगळं काळी एकमध्ये. बाहेर ओसरीवर शेषगिरी ऐकायचा आणि मान डोलवायचा.

तो मान डोलवायचा, हेच त्याला पुढे सगळ्यात जास्त टोचलं.

पंचम

पंचम लागला. अंबूताईनं तंबोऱ्यावरून मान वर न करता "हं" केलं. महादेवप्पाच्या मशीनची सुई मधोमधच्या जरा उजवीकडे जाऊन उभी राहिली. "दोन रेघा," तो पुटपुटला. "फक्त दोन सरकला. मला वाटलं बरंच सरकेल."

"पंचमाचं भांडण नसतंच," शेषगिरी म्हणाला. "भांडण पुढे आहे."

निकालाचा कागद अण्णांनी वाचून दाखवला होता तो दिवाणखान्यात, उभं राहून, कोर्टात वाचावा तसा. सत्तर सालचा मे महिना. परीक्षक परदेशातून मुंबईला आलेले. वेणू बारा वर्षांची, खांबाला धरून उभी.

*वाजवण्यात गोडवा आहे. परंतु तिन्ही रचना चुकीच्या पट्टीत वाजवल्या. तीनदा मध्येच थांबून एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवून पाहिला. या मुलीचे कान लहानपणीच बिघडवले गेले आहेत. अनुत्तीर्ण.*

मुंबईचा पियानो सगळीकडे सारखा होता. ती सवयीनं काळी एकवर गेली, आणि तिथं तिचा गांधार नव्हता. होता तो चढा, थरथरणारा. ती थांबली, शोधायला लागली. हे सगळं तिनं परतीच्या रेल्वेत अंबूताईला सांगितलं होतं, हुबळी येईपर्यंत रडत.

अण्णांनी कागदाची घडी घातली.

"कुणी बिघडवले कान?"

त्यांनी शेषगिरीकडे बघितलं.

"अण्णा, पेटी अशीच लावतात," शेषगिरी म्हणाला. "गांधार खरा होता. हवं तर तंबोऱ्यावर"

"मला सुरातलं कळत नाही. मला निकाल कळतो."

आणि अण्णांनी पियानोवरची त्याची खाकी पिशवी दोन बोटांत उचलली, चालत दारापर्यंत नेली, आणि बाहेर पायरीवर, चपला काढून ठेवतात तिथं, चपलांमध्ये ठेवली.

फेकली नाही. ठेवली. फेकली असती तर शेषगिरी भांडला असता.

गांधार

"हाच," वेणू म्हणाली. ती उडी मारून आली होती आणि पियानोत डोकं घालून उभी होती. "काका, हाच. थांब, हलवू नको."

"अजून खाली यायचाय."

"किती?"

"तो थरथरायचा थांबेपर्यंत."

किल्ली केसभर हलली. थरथर मंदावली, लांबली, एका दीर्घ श्वासाएवढी झाली, आणि थांबली. तंबोरा आणि पियानो यांच्यामध्ये आता काही उरलं नाही. महादेवप्पानं सुई बघितली, मग मशीन बंद केलं आणि खिशात घातलं.

"हे सुईत चूक आहे," तो म्हणाला. "पण कानात... तुम्ही पुढे करा सर."

वेणू पियानोच्या कडेला टेकली. "जर्मनीत, कोलोनला, अकरा वर्षं मी लपवलं होतं, काका. तुला ठाऊक आहे? कुठलीही रचना असो, गांधार आला की माझा हात किंचित थांबायचा. खरा आहे का बघायला. शिक्षक ओरडायचे. स्पर्धांच्या अहवालात लिहून यायचं, उगाच रेंगाळते. मी मोजून मोजून ते काढून टाकलं. बक्षिसं मिळाली, आणि वाजवायचा कंटाळा यायला लागला."

"मग?"

"एका संगीतकार बाईंनी सरावाच्या वेळी पकडलं. म्हणाल्या, तू काय शोधतेस? मी सांगितलं, हुबळीला माझा काका आहे. तास दीड तास सांगत बसले. त्यांनी त्या थांबण्यावरच एक रचना लिहिली. ती वाजवल्यावर मग दुसऱ्यानं लिहिली, तिसऱ्यानं. आता युरोपात कुणाला ऐकणारा हात हवा असला की मला बोलावतात. सतरा रचना आहेत माझ्यासाठी लिहिलेल्या. सगळ्यांत कुठं ना कुठं मी थांबते."

शेषगिरी तारेकडे बघत राहिला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"त्र्याऐंशी साली ॲम्स्टरडॅमला वाजवलंस," तो म्हणाला. "सत्त्याऐंशीत जपान. एकोणनव्वदला ती बाईंची रचना, बर्लिनला. लोक उभे राहिले."

"तुला कुणी सांगितलं?"

"बेळगावच्या पेपरात यायचं. कन्नड पेपरातही. पेटीचा भाता करताना पुठ्ठ्याला आतून कागद चिकटवावा लागतो. मी तुझी कात्रणं लावायचो."

"कुठं?"

"भात्यात. आतल्या बाजूनं. ठेवायला घरात जागा... म्हणजे जागा होती. पण कुणी बघितलं असतं तर काय म्हणालो असतो? अळणावरच्या नागोजींच्या भजनी मंडळाच्या पेटीत तुझं जर्मनीला जाणं आहे. नवलगुंदच्या एका शाळेत जपान आहे. बर्लिन गदगला गेलं. पंधरा-वीस पेट्या असतील."

 वेणूनं हात पुढे करून त्याच्या किल्ली धरलेल्या मुठीवर ठेवला. अंबूताईचा तंबोरा तेवढा दोन आवर्तनं चुकला. "नागोजीला कधी कळलं," ती नाक ओढत म्हणाली, "की अभंगाला तो जर्मनी दाबतोय..."

धैवत

दुपारी तीनला मागचं दार वाजलं, आणि काठीचा आवाज मधल्या वाटेनं पुढे येत राहिला. अण्णा. काळा कोट, शहात्तराव्या वर्षीही. पहिल्या रांगेत बसले. हनुवटी काठीवर.

"चालू दे," म्हणाले.

एवढंच. शेषगिरीचा हात तिथंच सुटला.

धैवत राहिला होता, त्याच्यामागून निषाद, आणि मग वरच्या पट्ट्यातले बारीक सूर, जे त्याला आता ऐकूच येत नव्हते. त्यानं धैवत छेडला. बरोबर वाटला. पुन्हा छेडला. चूक वाटला. डावा कान लावला. काठीची टकटक ऐकू आली. त्यानं धैवत खाली घेतला, वर घेतला. आपल्याला काहीच ऐकू येत नाहीये, आपण म्हातारे आहोत, आणि साडेसहाला हे सगळं गाव येऊन बसणार आहे.

किल्ली त्यानं खुंटीवरून काढली.

"महादेवप्पा, मशीन काढा. वेळ आहे अजून. होतं तसं करून टाका."

"अहो सर"

"करा म्हणतो ना! पुन्हा तिचं वाटोळं माझ्या हातानं नको."

अंबूताईनं तंबोरा थांबवला नाही. एका हातानं छेडत राहिली, दुसरा हात तिनं कमरेच्या चंचीत घातला आणि एक पाकीट बाहेर काढलं. त्यावर सरसाचा गोल डाग होता.

"वाच."

"हे तू कधी"

"वाच म्हणते."

त्यानं फाडलं. जाड कागद, वर मराठी, खाली कन्नड.

*वेणू गलगली*
*पियानो*
*स्वरजुळणी : श्री. शेषगिरी बाळाचार्य गलगली,*
*हार्मोनियम कारागीर, दुर्गदबैल, हुबळी*

त्याचं नाव तिच्या नावाएवढ्याच अक्षरांत होतं.

"हे छापलं कधी?"

"दीड महिना झाला."

"मला तर तू आज सकाळी... मी नाही म्हटलं असतं तर?"

"ते मला नको विचारू. छापखान्यात कोण गेलं होतं, त्याला विचार."

काठीची टकटक बंद झाली होती.

"त्या छापखानेवाल्यानं नाव सगळ्यात खाली टाकलं होतं," अण्णा समोर बघत म्हणाले. "बारीक. आभाराच्या ओळीत. मी वर घ्यायला लावलं." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "वेणूनं मला विचारलं, अप्पा, हरकत आहे का? मी म्हटलं, मला काय विचारतेस. मला त्यातलं कळत नाही."

ते उठले. "इथं चहा कुठं मिळतो?" म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता बाहेर गेले.

वेणूनं किल्ली उचलून काकाच्या हातात दिली. "कोलोनला दोघांनी लावून बघितला, तुझ्यासारखा. गणित करून, सगळे आकडे बरोबर. पण धैवताशी दर वेळी अडायचं. गणितातला धैवत आपल्या घरचा नाही."

"नाहीच तो," शेषगिरी म्हणाला. "तो मी चढा ठेवला होता. वडील तसा लावायचे. पुस्तकापेक्षा किंचित वर. आता मला आठवत नाही किती वर."

"मला आठवतं," अंबूताई म्हणाली.

तिनं डोळे मिटले. गळा फाटलेला, बहात्तर वर्षांचा. पण बाळाचार्य पहाटे विहिरीवर अंगावर पाणी घेताना म्हणायचे ते स्तोत्र तिनं सुरू केलं, आणि तिसऱ्या चरणात वर जाऊन जिथं ते थांबायचे तिथं थांबली. थांबून राहिली. श्वास संपेपर्यंत.

शेषगिरीनं त्या आवाजाशी तार जुळवली. डाव्या कानानं. एकदाच.

"वरचे मी करतो," महादेवप्पानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "तुमच्या मधल्या सप्तकावरून उचलतो, जसेच्या तसे. मशीन लावत नाही. ऐकायला माझे दोन्ही कान आहेत. तुम्ही बसा सर. अक्का, तुम्ही नका थांबू हां, तुमच्यावरच चाललंय सगळं."

"थांबतंय कोण," अंबूताई म्हणाली.

काळी एक

पुढच्या जाजमावर जाणकार, मागे खुर्च्या, दारात चपलांचा ढीग. पहिल्या रचनेत वेणू घरातून निघाली आणि दूर गेली. आग लागली ती सगळ्यांना ऐकू आली. सूर एकमेकांना चावत होते, आणि जाजमावरचे म्हातारे पुढे सरकले, कारण हे काय चाललंय हे त्यांना कळत नव्हतं पण वाजवणारीला कळतंय हे स्पष्ट दिसत होतं. मग ती वळून परत आली. गांधारापाशी थांबली.

"अहाऽहा!" जाजमावरून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं.

पियानोच्या कार्यक्रमात मध्ये बोलत नाहीत. कोलोनला कुणी बोललं असतं तर बाहेर काढलं असतं. वेणूनं वाजवता वाजवता त्या दिशेला बघून मान लववली. त्यानंतर धारवाडनं काही राखून ठेवलं नाही. रचना कुणाचीही असो, थांबलेल्या प्रत्येक सुराला दाद गेली.

शेवटी ती उठून पुढे आली. आधी कन्नडमध्ये बोलली, मग मराठीत.

"ही एक छोटी रचना पत्रिकेत नाही. सत्तर साली मुंबईत मी ही वाजवली आणि नापास झाले, कारण पट्टी चुकली होती. आज त्याच चुकीच्या पट्टीत वाजवते."

तिनं दोन्ही हात काळ्या सुरांवर ठेवले.

लहान मुलांची रचना. दोन मिनिटांची. शेषगिरी दुसऱ्या रांगेत पुढच्या खुर्चीची पाठ धरून बसला होता. सूर सरळ उभे होते. कोणी थरथरत नव्हतं. बारा वर्षांची पोर ओसरीपलीकडे वाजवत होती, आणि या वेळी तो मान डोलवत होता ते बरोबर होतं.

पुढच्या खुर्चीत अण्णा होते. मध्येच ते मागे वळले.

"शेषू."

"काय अण्णा?"

"हा आत्ता वर जाऊन थांबला तो... वडील. विहिरीवर. पहाटे."

"होय. धैवत."

"मला सुरातलं" अण्णा म्हणाले, आणि वाक्य तिथंच सोडून पुन्हा समोर बघायला लागले. त्यांची मान मागून शेषगिरीला दिसत होती. ती हलत होती, हळूहळू, लयीत नव्हे, पण हलत होती.

टाळ्या संपायला वेळ लागला. लोक वर चढले, वेणूभोवती गर्दी झाली, महादेवप्पा कुणालातरी खर्जाची तार समजावून सांगू लागला जणू तो जन्मभर हेच करत होता. शेषगिरी पियानोशी गेला आणि एका बोटानं गांधार दाबला. तिघींतली एक तार बारीकशी उतरली होती. कुणाला कळलं नसेल. त्याला कळलं. किल्लीसाठी त्यानं बाकाखाली हात घातला.

पिशवी नव्हती.

दुपारी तिथंच ठेवली होती. त्यानं पडद्यामागे पाहिलं, जिन्याखाली पाहिलं. मग पाय आपोआप दाराकडे वळले, आणि तो वाकून चपलांच्या ढिगात बघू लागला.

"तिथं काय शोधतोस?"

अण्णा पायऱ्यांच्या तोंडाशी उभे होते. एका हातात काठी, खाकी पिशवी खांद्याला. पट्टा काळ्या कोटावर तिरका, तेलाचा डाग बाहेरच्या बाजूला. गावातले दोन वकील आणि एक निवृत्त जज्ज शेजारून उतरत होते आणि बघत होते.

"द्या अण्णा. जड आहे."

"आहेच. कशी वाहिलीस रे इतकी वर्षं?"

"द्या ना."

"राहू दे. केशवापूरपर्यंत मी घेतो. उद्या सकाळी ती खोली उघडायची आहे, तुला यावं लागेल. जेवायलाच ये." आणि जज्जांकडे वळून, कोर्टात बोलावं तसं स्वच्छ, "हा माझा धाकटा भाऊ. पियानो यानं लावला."

शेषगिरीनं हात पुढे केला. पिशवीसाठी नव्हे. अण्णांच्या कोपराखाली धरायला, कारण पायऱ्या उंच होत्या आणि खाली अंबूताई गाडीचं दार उघडून ओरडत होती, किती वेळ लावताय म्हणून.